सारियावाले आणि बाकीचे

आमच्या विरारजवळच्या आगाशीचं चर्च संत जेम्सचं. म्हणजे बायबलमधला जब्दीचा मुलगा याकोब, योहानाचा भाऊ, येशूच्या बारा शिष्यांतला. त्याची कबर स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेला इथं आहे असं मानतात आणि गेली हजारेक वर्षं लोक युरोपभरातून तिथं चालत जातात, हे सगळं प्रवचनात ऐकून ऐकून पाठ झालेलं, पण आपण कधी जाऊ असं काही डोक्यात नव्हतं. मग मी रिटायर झाले आणि वहिनी म्हणाली चल, गुडघे आहेत तोवर जाऊन येऊ. तिचे गुडघे तेव्हाच अर्धे गेलेले होते हे तिनं विमानात बसल्यावर सांगितलं.

परत आल्यावर सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, पंढरीच्या वारीसारखं असतं का. नाही हो. दिंडी नाही, पालखी नाही, ठरलेली तिथी नाही, भजन तर नाहीच. ज्याला जिथून वाटेल तिथून तो निघतो, पिवळे बाण बघत चालतो, संध्याकाळी अल्बेर्गे म्हणतात तसल्या धर्मशाळेत बंक बेडवर झोपतो आणि पहाटे अंधारात टॉर्च लावून परत निघतो. जवळ पासपोर्टसारखं एक घडीचं कार्ड असतं, वाटेतली चर्च, कॅफे, धर्मशाळा त्यावर शिक्के मारतात. किमान १०० किलोमीटर चालत सांतियागोला पोचलात आणि रोजचे दोन शिक्के असले की सांतियागोच्या ऑफिसात लॅटिनमधलं सर्टिफिकेट मिळतं. आता जिथं शिक्के आणि सर्टिफिकेट आलं तिथं माणसं काय करतात ते वेगळं सांगायला नको.

आम्ही ओ सेब्रेइरोपासून सुरू केलं. गालिसियात, म्हणजे स्पेनच्या वायव्य टोकाच्या प्रांतात, शिरल्या शिरल्या डोंगरमाथ्यावरचं एवढंसं गाव, उंची तेराशे मीटरच्या आसपास, गवती छपरांची गोल दगडी घरं आणि एक बुटकं जुनं चर्च. तिथून सांतियागो साधारण १६० किलोमीटर. ही जागा निवडण्यात काही भक्ती नव्हती, माद्रिदहून बस खालच्या पेद्राफितापर्यंत येते आणि तिथून टॅक्सी मिळते एवढंच. पण त्या चर्चची एक गोष्ट आहे, सुमारे १३०० सालची म्हणून सांगतात. कडाक्याचं बर्फ पडत होतं, फादर एकटेच मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, करत होते, आणि खालच्या बार्शामायोर गावातला एक शेतकरी ते वादळ तुडवत वर आला. फादरांच्या मनात आलं, काय वेडा माणूस, चतकोर भाकर आणि घोटभर द्राक्षारसासाठी एवढा मरत आला. आणि त्याच क्षणी त्यांच्या हातातल्या भाकरीचं मांस झालं, द्राक्षारसाचं रक्त झालं. तो पेला आणि ती थाळी अजून तिथं काचेआड ठेवलीय.

चमत्कारावर कुणाचा विश्वास बसेल, कुणाचा नाही, माझा आग्रह नाही. मला त्यातले फादर जास्त ओळखीचे वाटले. रोज वेदीपाशी उभा राहणारा, सगळे विधी तोंडपाठ असलेला, बर्फातसुद्धा मिस्सा न चुकवणारा माणूस, आणि समोर आलेल्या एकुलत्या एक भाविकाचं त्याला हसू येतं. पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या कामात, वर्षानुवर्षं झिजलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर हे हसू मी बघितलंय, नाताळ आणि ईस्टरलाच तोंड दाखवणाऱ्यांसाठी ते खास राखून ठेवलेलं असतं.

बाहेर अंगणात आणखी एका फादरांचा अर्धपुतळा आहे, एलियास वालिन्या, ह्याच गावचे पॅरिश प्रीस्ट. जुनी वाट रानात हरवली होती, लोक चुकायचे, तर ह्यांनी १९८४ मध्ये पिवळ्या रंगाचा डबा उचलला आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत सुटले. आज जगभर ह्या वाटेची ती खूण झालीय. एकाही बाणाखाली नाव नाही, सौजन्य अमुक तमुक नाही. आमच्याकडे चर्चला पंखा दिला तर पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं आणि ते फिरताना वाचता येत नाही म्हणून भिंतीवर पाटी वेगळी.

पहिल्या संध्याकाळीच कळलं की ह्या वाटेवर एक अदृश्य उतरंड आहे. ओळख झाली की नावाच्याही आधी प्रश्न येतो, कुठून सुरुवात केली? फ्रान्सच्या हद्दीतलं सॅं-झां म्हणून गाव आहे, तिथून हे अंतर ७८० किलोमीटरच्या आसपास, तिथून चालत आलेले म्हणजे वरचा वर्ग. त्यातही पाठीवर स्वतःची सॅक असलेले वर, गाडीनं बॅग पुढं पाठवणारे खाली. धर्मशाळेत झोपणारे वर, हॉटेलवाले खाली. पायाला फोड असले तर उत्तम, ते दाखवायला मिळतात. एका संध्याकाळी मात्र फ्रान्समधल्या ल प्युईहून निघालेले एक आजोबा आले, म्हणजे सॅं-झांवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा टेबलावरचे सगळे वरच्या वर्गातले एकदम शांतपणे सूप पिऊ लागले.

आणि ह्या उतरंडीच्या तळाशी कोण, तर सारियावाले. सारिया हे सांतियागोपासून शंभर किलोमीटरहून जरा जास्त लांब असलेलं गाव, सर्टिफिकेटपुरतं चालायचं तर इथूनच निघायचं, त्यामुळे सगळ्यात जास्त माणसं इथं वाटेला लागतात. शाळेच्या पोरांचे घोळके, पॅरिश ग्रुप, धुतलेले बूट, मोठ्यांदा गाणी. मागून आलेले जुने लोक त्यांच्याकडं असं बघतात की जणू कुणी देवळात चप्पल घालून शिरलंय. टूरिस्ट, सर्टिफिकेटवाले, कुजबूज चालू. आम्ही त्यांच्यापेक्षा चाळीसेक किलोमीटर आधीपासूनचे, तर ओ सेब्रेइरो असं उत्तर देताना मलाही आत कुठंतरी गुदगुली झालीच, खोटं कशाला सांगू.

आता गंमत बघा. मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय, मोबाईलवर मराठी बायबल होतं, पोर्तोमारिनला पोचल्यावर संध्याकाळी वाचत बसले. (पोर्तोमारिन हे अख्खं गावच धरणाखाली गेलं म्हणून १९६०च्या दशकात वर हलवलंय, चर्च दगड दगड सुटा करून परत रचलंय, दगडांवर नंबर अजून दिसतात.) त्या अध्यायात आधी द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. मालक पहाटे मजूर लावतो, परत नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटचे तर संध्याकाळी पाचला, दिवस बुडायला तासभर असताना. आणि मजुरी देताना सगळ्यांना सारखाच एक दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, आम्ही उन्हातान्हात मेलो आणि हे तासभराचे लोक आमच्या बरोबरीला? मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला दिलं ना, मी उदार आहे म्हणून तुमच्या डोळ्यात का सलतं?

आमची वाडी आहे, केळी आणि थोडी फुलं, त्यामुळे ही गोष्ट मला लहानपणापासून अन्यायाचीच वाटत आलीय. पाचला आलेल्याला पूर्ण रोज दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कोण येईल, असं आमचे बाबा चक्क फादरांना विचारायचे. फादर हसायचे. पण पोर्तोमारिनच्या त्या पायऱ्यांवर बसलेल्या सारियाच्या पोरापोरींकडे बघताना कळलं की हिशेब मालकाचा बरोबर होता, कारण तिथं वाटलं जातं ते कुणाच्या घामाचं मोल नव्हतंच. पाच वाजेपर्यंत कुणी कामाला लावलं नाही म्हणून नाक्यावर उभा राहिलेला माणूसही घरी पोरांना जेवायला घालणारच असतो. पहाटेच्या मजुरांचं एक पैशाचंही नुकसान झालेलं नाही. त्यांचं फक्त वरचेपण गेलं.

आणि त्याच अध्यायात थोडं पुढं कोण येतं, तर आमचेच संत जेम्स. त्यांची आई दोघा मुलांना घेऊन येशूकडे जाते आणि म्हणते, तुझ्या राज्यात माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. मार्कच्या शुभवर्तमानात तर आईला मध्ये न घालता दोघं भाऊ स्वतःच मागतात. बाकीचे दहा जण ऐकून चिडले असं लिहिलंय, आणि मला कायम वाटतं की ते काही नम्रतेपायी चिडले नसणार. येशू सांगतो, तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. २५ जुलैला संत जेम्सच्या सणाला मिस्सात हेच वाचन असतं. म्हणजे ज्याच्या कबरीकडे आपण किलोमीटर मोजत निघालोय तो स्वतः खुर्चीसाठी वशिला लावून बसलेला माणूस, आणि पुढं बारा जणांत सगळ्यात आधी हुतात्मा झाला, हेरोद राजाच्या तलवारीनं, तोही हाच. मधल्या काळात त्याच्यात काय बदल झाला ते बायबल सांगत नाही.

पुढचं चालणं भराभर सांगते. निलगिरीची झाडं, धुकं, पायाखाली चेस्टनटचे काटेरी गोळे, दगडी खांबांवर तयार केलेली धान्याची कोठारं, आणि प्रत्येक मैलाच्या दगडावर उरलेलं अंतर तीन दशांश स्थळांपर्यंत. हे तीन दशांश कुणाला हवे असतात देव जाणे. मेलिदेला ऑक्टोपस खाल्ला, लाकडी ताटलीत, वर तिखट आणि ऑलिव्ह तेल. वहिनी तिथं पहिल्यांदा स्पेनवर खूश झाली, तोवर कडक पाव आणि चहाच्या नावाखाली मिळणारं गरम पाणी ह्यावरच तिची प्रवचनं चालू होती. मेलिदेच्या पुढं रिबादिसोला उतार आहे, खाली नदी, तिथं तिचा गुडघा साफ बसला. पाय नदीत सोडून तासभर बसलो, काही उपयोग नाही. मग अर्सुआपर्यंतचे शेवटचे तीनेक किलोमीटर टॅक्सी केली तिच्यासाठी.

रात्री जेवणाच्या टेबलावर एक गृहस्थ होते, सॅं-झांपासूनचे, आपल्या गावच्या चर्चचं बरंच काम करणारे. माणूस खरंच चांगला, वहिनीला गुडघ्याची पट्टी त्यांनीच दिली. पण देताना समजावलं की टॅक्सीत बसलं की यात्रा संपली, दुःख सोसणं हीच प्रार्थना, हल्लीच्या लोकांना सोपा देव पाहिजे वगैरे. वहिनीला त्यांचं इंग्लिश कळेना, काय म्हणतायत विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यांना सांग, येशू पण येरुशलेमात गाढवावर बसूनच आला होता.’ मी सांगितलं. ते जरा थांबले आणि मग खदाखदा हसले, आणि त्यांची सॅं-झांची टेप पुढं वाजली नाही.

सांतियागोला पोचलो तर ऑफिसात नंबर घ्यायची गर्दी. वहिनी बाहेर बाकावरच बसली. मी म्हटलं अगं तीन किलोमीटरचं काय, चल. तर म्हणे मी चालले नाही तेवढं, मग चालले असं कशाला लिहून घेऊ, तू ये घेऊन, मी बॅगा बघते. आत त्यांनी विचारलं कशासाठी चाललात, धार्मिक, आध्यात्मिक की आणखी काही. मी धार्मिक म्हटलं आणि त्यांनी कागद दिला, ह्यापेक्षा जास्त चौकशी झाली असती तर माझी पंचाईत होती.

कॅथेड्रलमध्ये दोन गोष्टी बघितल्या. एक, संत जेम्स घोड्यावर बसून तलवारीनं मूरांना, म्हणजे तेव्हाच्या स्पेनमधल्या मुसलमानांना, कापतायत असा पुतळा, खाली कापलेल्या माणसांच्या जागी आता फुलांचा ढीग रचून ठेवतात, म्हणजे लाज वाटते पण पुतळा काही हलवत नाहीत. देव आपल्याच बाजूचा आहे अशी खात्री झाली की संताच्या हातातही तलवार देतात लोक. वहिनी बघून म्हणाली, हा आपल्या आगाशीचा नाही.

दुसरी म्हणजे मुख्य दारातलं शिल्प, मास्टर मातेओचं, तुळईवर ११८८ साल कोरलंय. दोनशेच्या आसपास आकृत्या, वाद्यं घेतलेले बायबलमधले चोवीस वडील, संदेष्टे, प्रेषित, सगळं वैभव. आणि मधल्या खांबाच्या पाठीमागं, जमिनीलगत, वेदीकडे तोंड करून गुडघ्यावर बसलेला एक छोटा माणूस. तो मातेओ स्वतः असं मानतात. पूर्वी लोक त्याच्या डोक्यावर डोकं आपटायचे, अक्कल यावी म्हणून, आता कठडा आहे आणि हे दार बघायला वेगळं तिकीट. मंदिरात मागं उभं राहून मान खाली घालून क्षमा मागणाऱ्या जकातदाराची बायबलमधली गोष्ट आठवली, पण गाईड पुढं चला म्हणाला.

आगाशीला आल्यावर मंडळाच्या लोकांनी सांगितलं, तुमचा अनुभवाचा कार्यक्रम ठेवू, ‘श्रद्धेचे १६० किलोमीटर’, बॅनर पण करू. मी म्हटलं वहिनीला बोलवा, तिचे तीन कमी आहेत पण बोलते चांगली. तिला विचारलं तर म्हणाली येते, पण मी फक्त ऑक्टोपसवर बोलेन.