पेप्टाइड आहे, मग कॅथेटर का काढायचा?

‘रिपोर्टमध्ये जंतू औषधाला सेन्सिटिव्ह आहे, औषधही चालू आहे, तरी डायलिसिसच्या कॅथेटरमुळे (शिरेत बसवलेल्या नळीमुळे) ताप परत परत का येतो? आणि बायोफिल्म (जंतूंचा चिकट थर) फोडणारी पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) निघाली आहेत म्हणतात, ती का देत नाहीत?’ पेशंटचे नातेवाईक हे विचारतात, मायक्रोबायोलॉजीची मुलंही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रिपोर्टमधली चाचणी सुट्या, तरंगणाऱ्या जंतूंवर होते, मिलिलिटरला साधारण 5 लाख. कॅथेटरच्या आत मात्र ते चिकट थरात बसलेले असतात. तळाशी ऑक्सिजन आणि अन्न कमी, म्हणून तिथले जंतू जवळजवळ वाढतच नाहीत, आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच चालतात. त्यामुळे थरातल्या जंतूंना कधी शंभरपट, कधी हजारपट मात्रा लागते. तेवढी रक्तात देता येत नाही.

पेप्टाइडचं काम वेगळं. त्यावर धन भार असतो, जंतूच्या आवरणावर ऋण. ते आवरणाला चिकटून त्याला भोकं पाडतं, म्हणून जंतू वाढत असण्याची गरज नसते. आपल्याच शरीरातलं 37 अमिनो आम्लांचं एलएल-37 घ्या. सुडोमोनास या जंतूची वाढ थांबवायला ते मिलिलिटरला 64 मायक्रोग्रॅम लागलं, पण थर बसू न देण्याचा परिणाम अर्ध्या मायक्रोग्रॅमलाच दिसला. हे 2008 मध्ये छापून आलं. आमच्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, कारण जंतूंची वाढ थांबवण्यापेक्षा त्यांचा थर बसू न देणं किती कमी मात्रेत जमतं, ते त्यातून कळतं.

मग अडतं कुठे? रक्तातल्या क्षारांनी आणि प्रथिनांनी पेप्टाइडची धार जाते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचं ऑरिओलायसिन हे एन्झाइम एलएल-37 चे तुकडे करतं. त्याच्याच जातभाईच्या, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसच्या थरातल्या चिकट साखरेवर स्वतःचाच धन भार असतो, ती पेप्टाइडला दूर लोटते. मात्रा वाढवावी तर तांबड्या पेशी फुटतात.

लॅबमधले आकडेही जपून वाचावेत. विकत आणलेलं सिंथेटिक पेप्टाइड बहुधा टीएफए (ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल) क्षाराच्या रूपात येतं. वजन 1 मिलिग्रॅम भरलं तरी त्यात खरं पेप्टाइड बऱ्याचदा पाऊण मिलिग्रॅमच्या आसपासच असतं, तेव्हा सर्टिफिकेटवरचं ‘नेट पेप्टाइड’ पाहूनच द्रावण करावं. साध्या पॉलिस्टायरीनच्या प्लेटला पेप्टाइड चिकटून बसतं, म्हणून डायल्युशन (पातळ केलेली द्रावणं) पॉलिप्रॉपिलीनमध्ये करावीत. क्रिस्टल व्हायोलेट (थर मोजायला वापरतात तो रंग) तर मेलेल्या जंतूंनाही रंगवतं आणि नुसत्या चिकट्यालाही. रंग कमी आला म्हणून जंतू मेले असं होत नाही, आणि रंग तसाच राहिला म्हणून ते जिवंत आहेत असंही नाही. थर सलाइनने हलक्या हाताने धुऊन, सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी जंतू सुटे करून), प्लेटवर कॉलन्या मोजाव्यात. धुणं नीट झालं नाही तर उरलेलं पेप्टाइड आगारवरही (प्लेटमधल्या, जंतू वाढवायच्या जेलीवरही) जंतू मारत राहतं आणि निकाल खोटाच चांगला दिसतो. शेवटी हेच सगळं 50 टक्के सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) करून पाहावं. बरीच पेप्टाइडं इथेच गळतात.

पेशंटवरही प्रयत्न झालेत. कॅथेटर आत शिरतो त्या जागी लावायचं ओमिगॅनन हे 1 टक्का जेल मोठ्या चाचणीत पोव्हिडोन-आयोडीनपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालं नाही. कॅथेटरलाच पेप्टाइडचा लेप द्यायची कल्पना आम्हाला जास्त पटते, पण तिथेही रक्तातली प्रथिनं काही मिनिटांत लेप झाकून टाकतात, आणि मेलेल्या जंतूंच्या थरावर नवे जंतू चढतात.

आज हाताशी असलेलं यातलं औषध म्हणजे डॅप्टोमायसिन, जंतूंपासूनच मिळालेलं लिपोपेप्टाइड. कॅथेटर ठेवणं भाग असेल आणि जंतू एपिडर्मिडिससारखा असेल, तर त्याचं लॉक करता येतं, म्हणजे औषध नळीतच भरून ठेवता येतं: मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम, नळीत मावेल तेवढंच, दोन डायलिसिसच्या मधल्या वेळात, आणि सोबत शिरेतून अँटिबायोटिक. त्याला कॅल्शियम लागतं म्हणून रिंगर लॅक्टेटमध्ये (शिरेतून द्यायच्या क्षारांच्या द्रावणात) कालवतात. डेक्स्ट्रोजमध्ये कालवायचं नाही. ऑरियस किंवा कँडिडा (एक बुरशी) निघाला तर लॉकवर वेळ घालवू नये, कॅथेटर काढावा. डॉक्टर काढा म्हणतात ते याचसाठी.