'कोनोसीदो' ते 'नोन': ओळखीच्या कागदांचे भाषांतर

स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करण्याचे काम मी पुण्यात बसून करते. माझ्याकडे बहुतेक वेळा यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि कंपन्यांचे करार येतात, आणि त्यांत माणसे फारशी नसतात. गेल्या वर्षी मात्र एका भाषांतरसंस्थेकडून अमेरिकेतील स्थलांतराच्या अर्जासाठी लागणारे एका कुटुंबाचे कागद आले. पत्नी मूळची एल साल्वादोरची, पती व्हेनेझुएलाचा. जन्मनोंदीचा उतारा, नोटरीपुढे केलेले दस्त, शेजाऱ्यांचे जबाब, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि नातेवाइकांची पत्रे असा तो गठ्ठा होता. कुटुंबाचा माग लागू नये म्हणून त्यांच्याविषयीचे तपशील येथे बदलले आहेत. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या त्या कागदांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: ही माणसे कोण आहेत, आणि त्यांना कोण, किती व कधीपासून ओळखते. त्यामुळे 'कोनोसेर', म्हणजे ओळखणे, हे क्रियापद आणि त्यापासून झालेले 'कोनोसीदो', म्हणजे ओळखीचा, हे विशेषण जवळजवळ प्रत्येक पानावर भेटत होते.

स्पॅनिश शिकताना 'साबेर' आणि 'कोनोसेर' यांतला फरक मराठी विद्यार्थ्याला फार समजावून सांगावा लागत नाही, कारण माहीत असणे वेगळे आणि ओळखणे वेगळे हे आपण बोलायला लागल्यापासून पाळत आलेलो असतो. काळ बदलला की अर्थ बदलतो, हेही आपल्याला सवयीचे आहे. 'साबीआ' म्हणजे माहीत होते आणि 'सुपे' म्हणजे कळले. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होते आणि 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. इंग्रजी मात्र माहिती आणि ओळख ही दोन्ही कामे एकट्या 'नो' या क्रियापदाकडे सोपवते, आणि वर भलत्याच ठिकाणी काटेकोर होते. कोणाला ठाऊक असेल तर 'नोन टू', कशासाठी प्रसिद्ध असेल तर 'नोन फॉर', कोणत्या नावाने ओळखले जात असेल तर 'नोन ॲज'. स्पॅनिशमधले 'कोनोसीदो पोर' यांतला कोणताही अर्थ पोटात घेऊन खुशाल बसू शकते, आणि कोणता ते वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे असते.

म्हणून मी नेहमीसारखी शब्दसूची न करता आधी सगळा गठ्ठा वाचून काढला आणि ओळखीचा उल्लेख असलेले प्रत्येक वाक्य वेगळ्या तक्त्यात उतरवून घेतले. वाक्यापुढे कोण ओळखतो, कोणाला, आणि किती, एवढेच रकाने होते. हे काम कंटाळवाणे असते, पण पुढे त्यानेच तारले, कारण एकच माणूस जन्मनोंदीत, जबाबात आणि पत्रात तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी 'ओळखीचा' होता.

सर्वांत आधी जन्मनोंद हाती घेतली. पत्नीच्या आईच्या नावापुढे 'कोनोसीदा पोर' असे लिहून त्यापुढे दुसरे, थोडे लांब नाव होते. एल साल्वादोरमध्ये एखादी व्यक्ती कागदोपत्री एका नावाची आणि व्यवहारात दुसऱ्या नावाची असणे ही मोठी सामान्य गोष्ट आहे, आणि तिथल्या 1990 च्या व्यक्तिनामविषयक कायद्याने ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे रीतसर सिद्ध करून घेण्याची सोय केलेली आहे. तेव्हा येथे ती बाई कोणामुळे वा कशासाठी प्रसिद्ध आहे, याच्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत 'ऑल्सो नोन ॲज' असे लिहिले आणि दोन्ही नावे अक्षर न् अक्षर मुळाप्रमाणे ठेवली, कारण अमेरिकेच्या अर्जात वापरलेल्या इतर नावांसाठी स्वतंत्र जागा असते आणि वकिलाला ते नाव तिथे जसेच्या तसे भरावे लागते. संस्थेच्या जुन्या नमुन्यात अशा ठिकाणी 'एलियस' दिलेले होते. तो शब्द मी बदलून घेतला. आपल्याकडे 'ऊर्फ' लग्नपत्रिकेवरही छापतात आणि कोणाच्या भुवया उंचावत नाहीत, पण इंग्रजी 'एलियस'ला पोलीस ठाण्याचा वास येतो, आणि स्थलांतराच्या अर्जावर त्या वासाला जागा नसावी.

खरा वेळ गेला तो नोटरीच्या दस्तांत. एल साल्वादोरच्या 1962 च्या नोटरी कायद्यानुसार, समोर आलेल्या व्यक्तीला आपण स्वतः ओळखतो असे नोटरीने दस्तात नमूद करायचे असते, आणि ओळखत नसेल तर ओळखपत्रावरून किंवा नोटरीच्या परिचयाच्या दोन साक्षीदारांकडून ओळख पटवून घेतल्याचे लिहायचे असते. त्यामुळे तिथल्या दस्तांत 'आ किएन कोनोस्को', म्हणजे 'जिला मी ओळखतो', हे शब्द ठरलेले असतात. माझ्यासमोरच्या मुखत्यारपत्रात त्यात एक इवलासा शब्द जास्त होता: 'आ किएन ओय कोनोस्को ए इदेन्तिफिको', आणि पुढे ओळखपत्राचा क्रमांक. 'ओय' म्हणजे आज. जिला मी आज ओळखतो असे शब्दशः इंग्रजीत उतरवले तर वाचणारा विचारणार, की काल ओळखत नव्हतास का, आणि उद्या विसरणार आहेस का? वास्तविक नोटरी प्रामाणिकपणे एवढेच सांगतो आहे, की माझी हिच्याशी जुनी ओळख नाही, ती आजच झाली आणि मी कागद पाहून खात्री करून घेतली. वर्तमानकाळातले क्रियापद आणि त्याला चिकटलेले 'आज', यांतून ओळख होणे हा अर्थ निघतो, ओळख असणे हा नव्हे. मी इंग्रजीत 'हूम आय मेट टुडे' अशा वळणाची रचना केली आणि ओळखपत्राचा भाग जसाच्या तसा पुढे जोडला. त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या एका दस्तात 'ओय' नव्हते, तिथे 'पर्सनली नोन टू मी' हाच अमेरिकेतल्या नोटरींच्याही परिचयाचा शब्दप्रयोग वापरला. दोन्ही दस्त एकाच नोटरीचे होते. संस्थेने सगळीकडे एकसारखी शब्दरचना मागितली होती, पण इथे एकसारखेपणा आणला असता तर नोटरीने स्वतः केलेला भेद पुसला गेला असता.

या कामात मला आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयातले साक्षीदार सारखे आठवत होते. घराच्या दस्तनोंदणीला गेलेल्या प्रत्येकाने तो मजकूर पाहिलेला असतो: दस्तऐवज करून देणाऱ्यांना आपण 'व्यक्तिशः ओळखतो' असे दोन माणसे निवेदन करतात 'व त्यांची ओळख पटवितात'. ओळखणे एक आणि ओळख पटवणे दुसरे, हे तिथेही वेगळे मोजलेले आहे. 'कोनोस्को ए इदेन्तिफिको' वाचताना मला शब्दकोश उघडावासा वाटला नाही, याचे कारण ते कार्यालय.

व्हेनेझुएलातले जबाब सुरू झाले आणि एक जुने, भारदस्त सूत्र पुढे आले. शेजारी सांगतो, की अर्जदाराला मी 'दे विस्ता, त्रातो इ कोमुनिकासिओन' ओळखतो. पहिला शब्द पाहण्याचा, दुसरा व्यवहाराचा, उठबशीचा, आणि तिसरा बोलण्याचालण्याचा. त्या देशातल्या कोर्टाच्या आणि नोटरीच्या कागदांत ही त्रिपदी इतकी रुळलेली आहे, की लिहिणारा कारकून ती एका दमात टंकून मोकळा होतो. माझे भाषांतर तपासणाऱ्या अमेरिकन संपादिकेचे म्हणणे पडले, की 'आय नो हिम पर्सनली' एवढ्याने काम भागते, तिन्ही शब्द ठेवले तर इंग्रजी वाचकाला ते विचित्र वाटेल. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. एखाद्या कथेत मीही तेच केले असते. पण हे साक्षीचे कागद होते. केवळ तोंडओळख असलेला साक्षीदार आणि येणेजाणे असलेला साक्षीदार यांची वजने वेगवेगळी असतात. शिवाय त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या एका जबाबात साक्षीदाराने फक्त 'दे विस्ता' एवढेच म्हटले होते. हा माणूस अर्जदाराला येताजाता पाहत होता, त्याहून अधिक दावा त्याला करायचा नव्हता. पहिल्या ठिकाणी तिन्ही पदे आणि दुसऱ्या ठिकाणी एकच पद ठेवले, तरच हा फरक इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचतो. माझ्या तक्त्यातल्या 'किती' या रकान्यातल्या दोन्ही नोंदी मी तिला पाठवल्या आणि तिने 'बाय साइट, डीलिंग्ज अँड कॉन्व्हर्सेशन' मान्य केले. तिसऱ्या शब्दासाठी 'कम्युनिकेशन' न घेता 'कॉन्व्हर्सेशन' घ्यावे, ही सूचना तिची, आणि ती माझ्या मूळ शब्दापेक्षा सरस होती.

तारखांच्या बाबतीत क्रियापदाचा काळच निर्णायक ठरला. विवाहाच्या खरेपणाविषयी शंका घेतली जाऊ शकते, म्हणून दोघांची भेट कधी झाली हे वकिलाला नेमके हवे होते. एका जबाबात 'ला कोनोसी' होते, म्हणजे त्या वर्षी तिच्याशी ओळख झाली, आणि दुसऱ्यात 'ला कोनोसीआ', म्हणजे त्या वर्षी तो तिला आधीपासून ओळखत होता. दोन्हींचे भाषांतर 'न्यू हर' असे केले तर वाक्ये सरळ वाचली जातात आणि माहिती हरवते. पहिल्याला 'मेट', दुसऱ्याला 'ऑलरेडी न्यू'. यातले 'ऑलरेडी' स्पॅनिशमध्ये स्वतंत्र शब्द म्हणून नाही, ते क्रियापदाच्या प्रत्ययात दडलेले आहे. आधीपासूनची ओळख हा अर्थ तिथे आजूबाजूच्या वाक्यांवरून पक्का होता, म्हणूनच तो शब्द मी घातला.

'मे सुएना' या शब्दप्रयोगापाशीही अशीच काळजी घ्यावी लागली. शब्दशः पाहिले तर मला तसे ऐकू येते. नाव ऐकल्यासारखे वाटते, चेहरा कुठेतरी पाहिलेला वाटतो, पण कुठे ते सांगता येत नाही, असा त्याचा भाव आहे. साक्षीदार म्हणतो, की धमकी देणाऱ्याचे आडनाव ऐकल्यासारखे वाटले. इंग्रजीत 'रँग अ बेल' हा तयार वाक्प्रचार आहे, पण तो जबाबाच्या कागदावर फार सैल दिसतो. 'आय रेकग्नाइज्ड द नेम' म्हटले तर साक्षीदाराने न दिलेली खात्री त्याच्या तोंडी घातली जाते. 'साउंडेड फॅमिलिअर टू मी' एवढ्यावर थांबले. जाता जाता सांगायचे तर, हेच क्रियापद अर्जेंटिनात 'सोनामोस' या रूपात आले की त्याचा अर्थ 'मेलो, संपलो' असा होतो. सुदैवाने त्या देशाचा एकही कागद या गठ्ठ्यात नव्हता.

कात्रणांत भाषा वेगळी होती. वार्ताहर अर्जदाराच्या वडिलांना 'कोनोसीदो कोमेर्सिआन्ते' म्हणतो. विशेषण नामाच्या आधी आल्यामुळे तो सुपरिचित व्यापारी ठरतो, नुसता ओळखीतला व्यापारी नव्हे. पुढे धमकावणाऱ्याविषयी तो 'अधिकाऱ्यांचा जुना ओळखीचा' असे लिहितो, आणि तिथला उपरोध मराठी वाचकाला लगेच कळेल. इंग्रजीत त्यासाठी 'वेल नोन टू द ऑथॉरिटीज' हे नेमके त्याच तिरकसपणाचे शब्द मिळाले, हे नशीबच. 'पुब्लिको इ नोतोरिओ' मात्र फसवे आहे. सर्वांना उघड ठाऊक असलेली गोष्ट असा त्याचा साधा अर्थ, पण 'नोटोरिअस' लिहिले की तीच गोष्ट कुप्रसिद्ध होते. इंग्रजीत 'कॉमन नॉलेज' बरोबर बसते. व्यापारचिन्हांच्या कायद्याचे कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हा धोका आधीच माहीत असतो, कारण औद्योगिक मालमत्तेविषयीच्या पॅरिस कराराच्या '6 बिस' या कलमाच्या स्पॅनिश पाठात 'नोतोरिआमेन्ते कोनोसीदा' आणि इंग्रजी पाठात 'वेल नोन' आहे.

पत्रे सर्वांत शेवटी घेतली. पतीच्या आजीविषयी तिची मुलगी लिहिते, 'या नो कोनोसे'. या वाक्याला कर्म नाही. आजी आता माणसे ओळखत नाही. मराठीत हे असेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही. इंग्रजीत हे वाक्य कर्माशिवाय उभेच राहत नाही, म्हणून 'शी नो लाँगर रेकग्नाइझेस एनीवन' केले. 'पीपल' की 'एनीवन', यावर मी बराच वेळ घालवला. 'पीपल'मध्ये वैद्यकीय अहवालाचा कोरडेपणा येत होता, आणि पत्र मुलीने लिहिलेले होते.

दुसऱ्या पत्रात, स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या एका मामाने, मदतीचे आश्वासन देणाऱ्या कोणा मध्यस्थाविषयी लिहिले होते, की जेवणाच्या वेळी त्याच्या घरातसुद्धा त्याला कोणी ओळखत नाही. स्पॅनिशमधला हा चांगला मुरलेला वाक्प्रचार आहे, आणि जेवणाच्या वेळेमुळे त्याला जी चव येते ती इंग्रजीत आणायला माझ्याकडे काही नव्हते. 'नोबडी हॅज एव्हर हर्ड ऑफ हिम' लिहिले. अर्जाच्या दृष्टीने मामाचे मत एवढेच होते. संपादिकेने समासात हळहळ व्यक्त केली आणि बदल सुचवला नाही.

अमेरिकेच्या स्थलांतरसेवेला शपथबद्ध भाषांतरकार लागत नाही. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण त्या भाषांतरास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराने लेखी प्रमाणित करणे पुरते. ते प्रमाणपत्र मी प्रत्येक कागदाला स्वतंत्र जोडले, आणि वकिलासाठी इंग्रजीत एक छोटी टीप वेगळी दिली, जिच्यात 'कोनोसीदा पोर' आणि 'ओय कोनोस्को' यांचा तिथल्या कायद्यातला अर्थ लिहिला होता. ही टीप भाषांतराचा भाग नाही, असे तिच्या डोक्यावर स्पष्ट नमूद केले. वकिलाकडून उलट एकच प्रश्न आला, आईच्या दोन नावांपैकी अर्जाच्या मुख्य रकान्यात कोणते घालायचे याविषयी. तो निर्णय माझा नव्हे, असे कळवून जन्मनोंदीत 'कोनोसीदा पोर'च्या आधी कोणते नाव आहे आणि नंतर कोणते, तेवढे मी त्याला लिहून पाठवले.