गाळणी, गाणी आणि जाळी

आमच्या घरात लेकीच्या शब्दांची एक वही आहे. अकरा महिन्यांची असताना ती दिव्याकडे बोट करून ‘दी’ म्हणाली, त्या रात्री मी ती सुरू केली. नवा शब्द आला की तारीख घालून लिहायचा आणि पुढे बरोबरची खूण करायची. साठ-सत्तर शब्द असेच लिहिले गेले. मग गाळणी आली, आणि मी खूण करायला घाई करेनासा झालो.

ती तेव्हा बावीस महिन्यांची होती. स्वयंपाकघरात जमिनीवर पेला, चमचा आणि गाळणी पडली होती. पेला, चमचा तिला चांगले माहीत. गाळणी हा शब्द मात्र तिच्याशी बोलताना मी कधी वापरला नव्हता. सहज म्हटलं, “गाळणी दे बरं.” तिने पेल्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं आणि गाळणी उचलून माझ्या हातात ठेवली. एकदाच ऐकून! मी लगेच वहीत लिहिलं, खूण केली, बायकोला हाक मारली.

बायको हातातलं काम आटोपून आली तोवर मी गाळणी, चिमटा आणि नरसाळं असं मांडून ठेवलं होतं. या तिन्हींपैकी एकाचंही नाव तिला येत नव्हतं. “गाळणी दे.” तिने चिमटा दिला. पुन्हा विचारलं, तर नरसाळं.

मला फार वाईट वाटलं. आपलं काही चुकलं का, हिला मघाशी कळलंच नव्हतं का, असं रात्री उशिरापर्यंत मनात चालू होतं. म्हणून वाचायला बसलो.

मुलं एखादा शब्द एकदाच ऐकून त्याचा अंदाज बांधतात, याला ‘फास्ट मॅपिंग’ म्हणतात. सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांनी 1978 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना दोन ट्रे दाखवून सांगितलं होतं, ‘निळा नको, क्रोमियम रंगाचा आण.’ दुसरा ट्रे शेवाळी हिरवा होता. ‘क्रोमियम’ हा रंग मुलांनी कधी ऐकलेला नव्हता, तरी त्यांनी बरोबर ट्रे आणला. निळा नाही म्हणजे दुसराच असणार. माझ्या लेकीनेही तेच केलं होतं. पेल्याला नाव आहे, चमच्याला आहे, मग हे नवं नाव उरलेल्या वस्तूचं.

पण ओळखणं वेगळं आणि लक्षात राहणं वेगळं. जेसिका हॉर्स्ट आणि लॅरिसा सॅम्युएलसन यांनी 2008 मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर केलेलं काम वाचताना मला आमचंच स्वयंपाकघर दिसत होतं. मुलं नवी वस्तू बरोबर निवडत, आणि पाच मिनिटांनी तेच नाव विचारलं की गोंधळत. वस्तू उचलून, तिच्याकडे बोट दाखवून नाव सांगितलं, तेव्हा मात्र ते टिकलं. म्हणजे मी खूण केली तेव्हा शब्द शिकून झालेला नव्हता, नुकताच सुरू झाला होता. किती मुलांना मोठी माणसं या टप्प्यावर “काल तर येत होतं, आज विसरलीस?” म्हणत असतील! मी तरी ते वाक्य सोडून दिलं.

आणखी एक सवय सोडली. ती बाहुलीत रमलेली असताना तिचं तोंड वळवून मी “हे बघ, हे काय?” करत असे. टोमासेलो आणि फरार यांनी 1986 मध्येच दाखवलं होतं, की मूल आधीच ज्याकडे पाहत असतं त्याचं नाव सांगितलं तर ते अधिक सहज शिकतं. लक्ष दुसरीकडे ओढून सांगितलं तर तितकं नाही. मग मी थांबायला लागलो. आंघोळीच्या वेळी गाळणी बादलीत टाकून ठेवायचो. ती पाणी भरायची, पाणी पळून जायचं, ती गाळणीच्या तळाकडे बघत राहायची. नेमकं तेव्हा म्हणायचं, “गाळणीतून पाणी गेलं!” रोज, तेच वाक्य.

तीन आठवडे तिच्या तोंडून काही आलं नाही. मग एका संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून ‘गाणी, गाणी’ करायला लागली. मी गाणी लावली. ती रडायला लागली. दुसरं गाणं लावलं, आणखी रडली. शेवटी माझी आई आतून आली आणि म्हणाली, “अरे, गाणी कसली लावतोस! गाळणी मागतेय ती. हात कुठे करतेय ते बघ ना.” मधला ‘ळ’ तिला झेपत नव्हता, म्हणून तिने तो गाळून टाकला होता.

(तुमचं मूल दोन वर्षांचं झालं आणि पन्नासच्या आत शब्द असतील, किंवा दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘बोलेल की’ म्हणत बसू नका. आधी कान तपासून घ्या, वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. मुलामुलांत फरक खूप असतो हे खरंच आहे, पण ऐकू कमी येत असेल तर ते लवकर कळायला हवं.)

त्यानंतर ‘गाणी’ घरभर पसरली. भोकांची टोपली गाणी, माशा मारायची फळी गाणी. गाईलाही भूभू म्हणायची, तसंच हे. मला ही चूक वाटत नाही. आरपार दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी तिने स्वतःच्या डोळ्यांनी हुडकून एका नावाखाली आणल्या होत्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

परवा ती खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी होती. म्हणाली, “गाणी.” मी शेजारी बसलो, जाळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “जाळी.” तिने मान हलवली. “नाई. गाणी.” मी पुन्हा “जाळी” म्हटलं आणि गप्प राहिलो. ती आत गेली, गाळणी घेऊन आली, जाळीला टेकवून धरली आणि बराच वेळ आधी इकडे, मग तिकडे बघत राहिली.

वहीत ‘जाळी’ लिहून ठेवलंय. पेन्सिलीने, खूण न करता.