संपलं म्हणायचं नाही

टोकियोत दुभाषी म्हणून मी बहुतेक कारखान्यांच्या बैठकांना बसते. लग्नाचं काम क्वचितच येतं. मुलगा पुण्याचा, मुलगी टोकियोची, लग्न शिंतो देवळात. आदल्या रात्री मुलाच्या वडिलांनी भाषणाचा कागद माझ्या हातात दिला. 'हे नातं कधी तुटू नये', 'पुन्हा पुन्हा भेटत राहू', 'शेवटी एवढंच सांगतो'. तिन्ही वाक्यं बाद! इथं लग्नात तुटणं, संपणं, परतणं हे शब्द तोंडातून काढायचे नसतात. त्यांना इमिकोतोबा म्हणतात. द्विरुक्तीही चालत नाही, कारण तिच्यात दुसऱ्या लग्नाची चाहूल असते.

"अहो, मग बोलू तरी काय?" काका वैतागले.

"काका, आपण नारळ फोडला म्हणतो का?"

ते थांबले. "वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तरी आई 'वाढवली' म्हणायची." आणि स्वतःच कागदावर काट मारू लागले.

दुसऱ्या दिवशी काकांना वाटलं, देवळात लग्न लावायची ही हजार वर्षांची रीत असणार. खरं तर पूर्वी लग्नं घरीच लागत. १९०० साली युवराज योशिहितो, म्हणजे पुढचे सम्राट ताइशो, यांचा विवाह राजवाड्यातल्या देवस्थानासमोर झाला आणि मग देवळातली पद्धत लोकांत रुजली. सानसानकुदो, म्हणजे नवरानवरीनं साके (तांदळाची दारू) पिण्याचा विधी, मात्र त्याहून बरंच जुना. तीन पेले, प्रत्येकातून तीन घोट. साके ओतताना मिको, म्हणजे देवळातली सेविका, भांडं दोनदा नुसतं कलतं करते, तिसऱ्यांदा धार सोडते. नवरीनं दोन्ही हातांनी पेला उचलला. वाताबोशी या पांढऱ्या टोपडीखाली तिची हनुवटी आणि लाल ओठ एवढंच दिसत होतं. पेला किंचित थरथरत होता. माझ्या घशात आवंढा आला.

मेजवानीत काका भरात आले आणि कागद विसरले. "पुन्हा पुन्हा या आमच्याकडे!"

मी 'सुएनागाकु' म्हटलं. पुढं कायम, दीर्घकाळ. काकांच्या मनातलं तेच होतं, असं मी आजही मानते. काळ्या किमोनोतल्या नवरीच्या आजींनी खोल मान लववली.

सूत्रसंचालकानं 'ओहिराकी' जाहीर केलं.

"संपलं का?"

"उघडलं म्हणतात, काका."

ते उठले, आजींसमोर गेले, हात जोडले. "येतो आम्ही."

मी 'माइरिमासु' म्हटलं. जपानीत नम्रपणे 'जातो' म्हणायलाही हाच शब्द, आणि 'येतो' म्हणायलाही.