सोहोच्या गल्ल्या आणि सिनेमाचं मागचं काम

लंडनला गेल्यावर बिग बेन, टॉवर ब्रिज वगैरे सगळे करतात, आम्हीही केलं, फोटो काढले, झालं. मला खरा इंटरेस्ट लंडनच्याच सोहो भागात होता, कारण माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, तो तिथे कंपोझिटर आहे. म्हणजे हिरव्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या हिरोच्या मागे डोंगर, आग, राक्षस, जे काय पाहिजे ते बेमालूम बसवायचं.

टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनला उतरून चालत वॉर्डर स्ट्रीटला गेलो. बघण्यासारखं म्हणाल तर तसं काहीच नाही, अरुंद रस्ते, डिलिव्हरीच्या सायकली, कचऱ्याच्या पिशव्या, आणि दारांवर इवल्याशा पाट्या, एका दारामागे साउंड मिक्स, म्हणजे आवाजांची जुळवाजुळव चाललेली, तर शेजारच्या दारामागे कलर ग्रेडिंग, म्हणजे चित्राचे रंग सुधारणं! समोरून एक रनर, म्हणजे स्टुडिओची वरकामं करणारा पोरगा आला, एका हातात चार कॉफ्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, काखेत पाकीट, बेल दाबली कोपराने आणि दार ढकललं खांद्याने. दादा म्हणाला हसू नकोस, इथले भलेभले एडिटर असेच कॉफ्या पोचवत मागे उभं राहून शिकलेत.

आता एवढ्या महागड्या भागात हे सगळं का, तर फिल्म कंपन्यांची ऑफिसं शंभरेक वर्षांपूर्वीपासून याच रस्त्यावर, शूटिंग शहराबाहेर पाइनवूड, शेपर्टन स्टुडिओंत, आणि डायरेक्टरला एका दुपारी तीन ठिकाणी चालत जाता आलं पाहिजे. 1995 मध्ये तर इथल्या स्टुडिओंना एकमेकांशी जोडायला सोहोनेट नावाचं खास नेटवर्कच उभं राहिलं. जवळच फ्रिथ स्ट्रीटवर जॉन लोगी बेअर्ड या संशोधकाने 26 जानेवारी 1926 ला टेलिव्हिजन चालवून दाखवला ती बिल्डिंग आहे, खाली बार इटालिया, तिथली कॉफी झकास पण उभ्यानेच प्या. शिवाय या धंद्याला सरकारी सवलत आहे, व्हीएफएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या दृश्यांच्या खर्चावर 2025 पासून 39 टक्के टॅक्स क्रेडिट, त्यामुळे हॉलिवूडवाले येतात.

पण मला विचाराल तर गल्लीची जादू आता अर्धीच उरलीय. फ्रेमस्टोअर ही व्हीएफएक्स कंपनी 1986 मध्ये इथेच सुरू झाली, ती केव्हाच सोहोबाहेर चॅन्सरी लेनला गेली. 1998 ची तशीच कंपनी डबल निगेटिव्ह, आताची डीएनईजी, 2014 मध्ये आपल्या मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडली गेली, आणि लंडनहून रोटोसारखं किचकट काम, म्हणजे फ्रेम बाय फ्रेम माणसाची कड कापत बसायचं, भारतात जातं. आपल्याकडे घड्याळ साडेचार-साडेपाच तास पुढे, लंडनवाला संध्याकाळी नोट्स टाकून घरी जातो आणि सकाळी येतो तर शॉट तयार. मान लंडनला, राबणं आपल्याला! अर्थात लंडनमध्येही सुख नाहीच, फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर ही मोठी कंपनी कोसळली आणि तिच्यासोबत तिचीच 1970 पासूनची व्हीएफएक्स कंपनी एमपीसी, शेकडो लोक एका झटक्यात बाहेर. दादा तिथे नव्हता पण त्याचे मित्र होते, त्यातला एकजण आता घरं रंगवायची कामं घेतो म्हणे.

जाणार असाल तर वीकडेला संध्याकाळी सहानंतर जा, पबबाहेर फुटपाथवर ग्लास घेऊन सगळे उभे असतात. मला वाटलं पार्टी चाललीय. दादा म्हणाला कसली पार्टी, निम्मे जण पुढचं काँट्रॅक्ट शोधतायत.