एम३५ए२चे ब्रेक: आधी बरणी, मग पाना

अमेरिकी लष्करातून निघालेला एम३५ए२ ट्रक घेतलात तर रंगकाम राहू द्या, आधी ब्रेक उघडा. या अडीच टनी, दहा टायरच्या ट्रकमध्ये पेडलला हवेची मदत असली तरी हायड्रॉलिक सर्किट एकच. एक व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारा भाग) फुटला की सहाही ड्रमचे ब्रेक गेले.

यात सहसा जांभळट डॉट ५, म्हणजे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल असतं. आधीच्या मालकाने वरून डॉट ३, म्हणजे वेगळ्या जातीचं ब्रेक ऑइल ओतलेलं असू शकतं, म्हणून काचेच्या बरणीत थोडं ऑइल आणि तितकंच पाणी घालून हलवा. डॉट ३ पाण्यात मिसळतं, सिलिकॉन वेगळा थर धरतं. भेसळ दिसली तर लाइन पूर्ण धुवा, रबरं बदला. नुसतं टॉपअप म्हणजे धूळफेक.

ब्लीडिंगची (लाइनमधली हवा काढण्याची) सुरुवात एअर पॅकपासून, म्हणजे पेडलला हवेची मदत देणाऱ्या भागापासून, मग सर्वात लांबचं चाक. सिलिकॉन सावकाश ओता, पेडल हळू दाबा. घाई केली की बुडबुडे अडकतात आणि पेडल स्पंजासारखं लागतं.

चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर तो हुंगा: गिअर ऑइलचा उग्र वास आला तर हबचं सील गेलंय. तेल प्यायलेले ब्रेकचे लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर) धुऊन वाचत नाहीत. एअर टँकचं पाणी मात्र रोज काढा.