सकाळची कॉफी संध्याकाळी चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सकाळी एकदाच फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट काळा अर्क, पाडायचं आणि दिवसभर पुरवायचं, ही आमच्या घरची रीत ओळखीपाळखीत माहीत आहे. त्यामुळे भिशीत असो, लग्नकार्यात असो, कुणीतरी मला गाठतंच: केलेली कॉफी टिकते किती, आणि उरली तर तिचं करायचं काय?

मी आधी विचारते, दूध घातलंय का?

नसेल, साखरही नसेल, तर घाई नाही. गार करून, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलेली काळी कॉफी ३-४ दिवस खराब होत नाही. चव मात्र एवढी थांबत नाही. कॉफीचा वास म्हणजे हवेत उडून जाणारी द्रव्यं. घरभर जो घमघमाट सुटतो तो कपातूनच गेलेला असतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात कपात फारसा उरत नाही. त्यात ती गरम ठेवली की क्विनिक आम्ल वाढत जातं आणि घशाशी रेंगाळणारी आंबट-कडू चव येते. मशीनवर तासन्‌तास तापत राहिलेली ऑफिसातली कॉफी आठवा. कॅफीन तेवढं कुठं जात नाही. तेव्हा ‘सकाळचीच तर आहे’ म्हणून रात्री नऊला कप रिकामा केलात, तर झोपेचं खोबरं ठरलेलं.

डिकॉक्शन मी काचेच्या बरणीत ठेवते आणि दोन दिवसांत संपवते. बरणीचं झाकण घट्ट हवं. उघडं भांडं खर्ड्याच्या वाटीशेजारी ठेवलंत, तर दुसऱ्या दिवशी लसणाच्या वासाची कॉफी प्यावी लागेल. प्यायच्या वेळी दूध कडकडीत तापवायचं आणि त्यात गार डिकॉक्शन ओतायचं. डिकॉक्शन वेगळं उकळायचं नाही, उरलासुरला वासही त्यात जातो. जायफळसुद्धा आयत्या वेळी कपावरच किसा.

आता दुधाची. आपल्याकडे कोल्हापुरात कॉफी म्हणजे बहुतेक घरी इन्स्टंटच, पण तीही दुधात उकळलेली, दूध म्हशीचं, वर बोटभर साय. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून घेतलेलं दूध पिणाऱ्या गावाला पातळ कॉफी कशी चालेल? पण दूध पडलं की हिशेब दुधाचा. ओट्यावर दोन तास, फार तर. एप्रिल-मेच्या दुपारी एकच. त्यावर आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, “टाकायची कशाला? उकळली की झालं की!” नाही होत. उकळल्यानं जंतू मरतात, पण त्यांतल्या काहींनी तोवर सोडलेलं विष उकळूनही जात नाही. फाटली नाही, वास आला नाही, एवढ्यावरून ती चांगली आहे असं धरू नये.

थर्मासचंही तेच. पुण्याच्या एसटीत बसताना दुधाची कॉफी भरून घेतात आणि साताऱ्याच्या पुढे झाकण उघडतात. थर्मास चांगला असेल, आधी उकळत्या पाण्यानं तापवून घेतला असेल, तर कॉफी वाफाळती राहते आणि धोका नाही. ती कोमट झालेली असेल तर ओतून द्या, कारण कोमटातच जंतूंचं फावतं. मी थर्मासमध्ये काळीच नेते.

उरलेल्या काळ्या कॉफीचं मात्र पुष्कळ करता येतं. उन्हाळ्यात मी ती बर्फाच्या ट्रेमध्ये ओतते. ग्लासभर गार दुधात हे चार खडे टाकले की ते वितळतील तशी कॉफी पाणचट न होता गडदच होत जाते. आणि गूळ आपल्या गावचा असताना पाक करायलाच हवा. वाटीभर डिकॉक्शनला अर्धी वाटी चिरलेला गूळ घ्यायचा, मंद आचेवर ठेवायचा. आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे मोठे आणि जड होतात, चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ तशीच राहते. तिथं गॅस बंद, गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. हा पाक व्हॅनिला आइस्क्रीमवर घालून खा. गरम दुधात मात्र घालू नका, गुळानं दूध फाटतं. चॉकलेट केकच्या पिठात पाण्याऐवजी उरलेली कॉफी घातली तर चॉकलेटची चव खुलते, कॉफीची वेगळी कळतही नाही.

झाडांना घालू का, हेही विचारतात. बिनदुधाची, बिनसाखरेची असेल तर भरपूर पाणी मिसळून, तेही कधीमधी. कॅफीन जास्त झालं तर रोपांची वाढ खुंटते, आणि साखरेच्या कॉफीनं कुंडीला मुंग्या लागतील त्या वेगळ्याच. फिल्टरमधला चोथा कुंडीवर जाड थापू नका, बुरशी धरते. तो कंपोस्टमध्ये टाका. चमचाभर मात्र सिंकपाशी ठेवा. रविवारी तांबड्या रश्श्यासाठी लसूण सोलून झाला की हातावर चोळून धुवा, बोटांचा वास बराच कमी होतो.